मेघांच्या माथ्यावरील क्षणिक तेज

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



प्रघाताप्रमाणे या प्रसंगी ज्ञातीची प्रगती, एकी, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर कोणी ज्येष्ठ दोन शब्द बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या खेपेस चिटणीसांनी आम्हांस लिहिले की, विद्यार्थ्यांना काही नवे कळेल असे बोलावे. त्यांचा शब्द प्रमाण मानून आज आम्ही विजेविषयी बोलणार आहोत. मात्र आपण अंगणातून पाहतो ती वीज नव्हे. ढगांच्या माथ्यावर घडणारे, सेकंदाच्या हजाराव्या भागात संपून जाणारे आणि आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांच्या यंत्रांनीच उघडकीस आणलेले तिचे एक रूप आहे, त्याविषयी.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म खेड्यांतील शाळांतून गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेला. तेव्हा येथे जे सांगू ते इतरांनी कष्टाने शोधून काढलेले आणि आम्ही वाचून आपल्या कुवतीप्रमाणे समजून घेतलेले आहे. तरीही हाच विषय निवडण्यास एक कारण आहे. या विषयात आमच्याकडून एक चूक घडलेली आहे. ती प्रथम सांगतो, म्हणजे पुढील बोलण्याचा रोख ध्यानी येईल.

१९८४ सालची गोष्ट. हस्त नक्षत्राचे दिवस होते. सातवीच्या वर्गात आम्ही विजेचा पाठ शिकवीत होतो. वीज ढगातून ढगात जाते किंवा ढगातून जमिनीवर येते, असे फळ्यावर आकृती काढून सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ईज वर बी जाती." तो रात्री बाजरीच्या राखणीस माळ्यावर झोपत असे. दूर उगवतीला ढगांत विजा चमकत असता त्या ढगांच्याही पुष्कळ वर, जेथे चांदण्या दिसत होत्या तेथे, क्षणभर तांबडा उजेड उमटलेला त्याने पाहिला होता. "कसा होता रे?" असे विचारता तो म्हणाला, "गाजरं टांगल्यावानी." वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि तेवढ्यावर न थांबता, "झोपेत पाहिले असशील, पुस्तकात असे काही नाही," असे म्हणून त्यास खाली बसविले. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा वर्गात काही विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आता त्या मुलास बाजूस ठेवून मूळ विषयाकडे वळू.

वैशाखातील वळवाचा ढग आपण सर्वांनीच पाहिला आहे. दुपारी तापलेली हवा वर चढते, बाष्प थिजते, आणि सायंकाळपर्यंत ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर जाऊन पोहोचतो. तेथे कडाक्याची थंडी असते. हिमाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात आणि त्या घर्षणातून विद्युत्भार वेगळे होतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. हा भेद वाढत वाढत हवेला असह्य झाला की वीज चमकते. उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार सबंध पृथ्वीवर दर सेकंदास सरासरीने सुमारे ४४ वेळा वीज चमकते. आम्ही ही दोन वाक्ये बोललो एवढ्यात कितीतरी विजा चमकून गेल्या असतील.

या ढगांविषयी एका स्कॉटिश गृहस्थाने फार पूर्वी एक विलक्षण तर्क केला होता. त्यांचे नाव सी. टी. आर. विल्सन. १८९४ साली ते बेन नेव्हिस नावाच्या पर्वतावरील वेधशाळेत काही आठवडे राहिले होते. तेथील धुके आणि ढग पाहून, असेच ढग आपण प्रयोगशाळेत करावे, अशी इच्छा त्यांना झाली. त्यातूनच पुढे त्यांची प्रसिद्ध मेघपेटी जन्मास आली. तीत दिसेनाशा सूक्ष्म कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या उमटतात. पुढच्याच वर्षी डोंगरावर असता वादळात त्यांच्या डोक्यावरील केस ताठ उभे राहिले आणि ते जीव घेऊन खाली पळाले, अशीही त्यांची आठवण आहे. वादळाने ज्यास असा स्पर्श केला तो मनुष्य वादळाचा विचार सोडणार कसा? १९२५ साली त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक अशी की, प्रचंड ढगावरील विरळ हवेत, वरच्या दिशेने, विद्युत्स्फुरण होणे शक्य आहे. दुसरी अशी की, गडगडाटी ढगातील विद्युत्क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पळवीत पळवीत प्रकाशाच्या जवळपास वेगापर्यंत नेऊ शकेल.

ही दुसरी गोष्ट समजण्यास एक दाखला घेऊ. आठवड्याच्या बाजारात आपण रेंगाळत चाललो तर दहा जण हात धरून थांबवितात. परंतु एखादा जिवाच्या आकांताने धावत निघाला तर त्यास कोणी अडवू शकत नाही. हाक मारीपर्यंत तो पुढे गेलेला असतो. हवेतील इलेक्ट्रॉनाचे असेच आहे. मंद इलेक्ट्रॉनास हवेचे अणू पावलोपावली अडवितात. मात्र ज्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला त्यास होणारा अडथळा उलट कमी होतो, आणि मागून विद्युत्क्षेत्राचा रेटा चालूच असतो. मग तो सुटतो तो सुटतोच. वाटेत तो इतर अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवितो, त्यांतीलही काही सुटतात, आणि एकाचे अनेक होत होत कणांचा लोंढा तयार होतो. हे वेगवान कण हवेतील अणूंच्या गाभ्यापाशी वळले म्हणजे त्यांची शक्ती किरणांच्या रूपाने बाहेर पडते. या किरणांस गॅमा किरण म्हणतात. दवाखान्यातील क्ष-किरणांच्याच जातीचे, परंतु त्यांहून कितीतरी प्रखर असे हे किरण आहेत.

विल्सन यांस मेघपेटीबद्दल १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक त्यांना एकट्यास मिळाले नव्हते, तर अमेरिकेतील ऑर्थर कॉम्प्टन यांजबरोबर विभागून मिळाले होते. हे दुसरे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ते पुढे येणार आहे.

विल्सन यांचे दोन्ही तर्क अनेक दशके कागदावरच राहिले. ढगांवर उजेड पाहिल्याचे वैमानिक अधूनमधून सांगत, परंतु त्यांच्या बोलण्याकडे फारसे लक्ष कोणी देत नसे. जे आमच्या वर्गात झाले तेच जगातही चालले होते. अखेर ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे वयोवृद्ध प्राध्यापक जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी, रॉकेटवरून न्यावयाच्या एका अतिसंवेदनशील कॅमेऱ्याची रात्री चाचणी घेत होते. त्यांना ढगांशी काही कर्तव्य नव्हते. तथापि नंतर चित्रफीत पाहता, दूरच्या वादळावर उंच आकाशात प्रकाशाचे दोन स्तंभ उमटलेले आढळले. त्यांनी ते यंत्राचा दोष म्हणून टाकून दिले नाहीत. पुढील काही वर्षांत विमानांतून व पर्वतांवरून अशी असंख्य चित्रे घेण्यात आली. जमिनीपासून सुमारे ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, काही सहस्रांश सेकंद टिकणारे हे तांबडे तेज आहे. त्यास आता 'स्प्राइट' म्हणतात. आणि त्याच्या एका प्रकारास शास्त्रज्ञांनी दिलेले नाव ऐकून आम्ही खुर्चीवरून उठून उभे राहिलो. ते नाव आहे 'गाजर'.

पहिला तर्क असा खरा ठरला. दुसरा तर्क खरा ठरण्यास आकाशात जावे लागले. गॅमा किरणांस जमिनीजवळची दाट हवा फार लांब जाऊ देत नाही. परंतु पंधरा किलोमीटरच्या वर हवा विरळ असते. तेथून वरच्या दिशेने निघालेले किरण निसटून अवकाशात जाऊ शकतात. म्हणून त्यांची वार्ता खाली बसलेल्यास न लागता वर फिरणाऱ्यास लागते.

५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेच्या अंतराळयानातून सुमारे १७ टन वजनाचा एक प्रचंड उपग्रह सोडण्यात आला. त्यास नाव दिले होते ऑर्थर कॉम्प्टन यांचे. त्यावर 'बॅट्सी' नावाचे यंत्र होते. उपग्रहाच्या आठ कोपऱ्यांवर आठ ग्राहक बसविलेले, जणू अष्टदिशांस आठ पहारेकरी. अतिदूरच्या विश्वात होणारे गॅमा किरणांचे स्फोट टिपणे हे त्याचे काम. एका बाजूने किरण आले की त्या बाजूचे ग्राहक अधिक मोजणी दाखवीत, आणि त्यावरून दिशा कळे. काही प्रसंगी असे आढळले की, एक-दोन सहस्रांश सेकंदांची अतितीव्र चमक आली आहे आणि ती वरील ग्राहकांऐवजी खालच्या ग्राहकांस अधिक लागली आहे. याचा अर्थ, किरण ताऱ्यांकडून नव्हे, तर पृथ्वीकडून आले होते! जेराल्ड फिशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या क्षणी उपग्रहाखाली काय होते याचा तपास केला, तेव्हा तेथे गडगडाटी ढग असल्याचे दिसून आले. १९९४ साली त्यांनी अशा डझनभर चमकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यांस आपण 'पार्थिव गॅमा-चमक' असे म्हणू. विल्सन यांचा तर्क सिद्ध होण्याच्या वाटेवर लागला, आणि तो ज्याने लावला त्या उपग्रहास त्यांच्याच नोबेल-सोबत्याचे नाव होते. दैवयोग म्हणतात तो असा.

येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. बॅट्सीच्या नऊ वर्षांच्या आयुष्यात अशा चमका सत्तर-ऐंशीच सापडल्या. त्या खरोखरच इतक्या दुर्मिळ होत्या काय? नव्हत्या. बॅट्सीचे यंत्र किमान ६४ सहस्रांश सेकंदांतील एकूण मोजणी पाहून, नोंद करावयाची की नाही हे ठरवी. एका सहस्रांशात येऊन गेलेली चमक त्या लांब अवधीत विरून जाई. मोठ्या भोकांच्या चाळणीने राजगिरा चाळावा आणि घरात राजगिराच नाही म्हणावे, तसा हा प्रकार. पुढे २००२ साली सूर्याच्या अभ्यासासाठी 'रेसी' नावाचा उपग्रह गेला. तो आलेल्या प्रत्येक किरणाची वेळ स्वतंत्रपणे टिपून ठेवी. त्याच्या नोंदींवरून २००५ साली शास्त्रज्ञांनी अंदाज केला की, पृथ्वीवर दिवसास सुमारे ५० चमका होत असाव्यात, आणि त्यांतील किरणांची शक्ती दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाची शक्ती या मापाने दोन-तीनच भरते. पुढे 'फर्मी' उपग्रहाच्या नोंदींवरून हा दैनिक अंदाज ११०० च्या घरात गेला. आकाशात काहीच बदलले नव्हते. चाळणी तेवढी बारीक झाली होती.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे, तो सांगितलाच पाहिजे. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाने इटलीचा 'अजिले' नावाचा गॅमा-किरण उपग्रह अवकाशात नेला. त्याची कक्षा विषुववृत्तालगतची, म्हणजे जगातील सर्वांत अधिक विजा जेथे चमकतात त्या पट्ट्यावरूनच जाणारी होती. या उपग्रहावर नको असलेल्या कणांचे संकेत वगळणारे एक कवच-यंत्र होते. गॅमा-चमकेसारखा एकाएकी येणारा लोंढा त्या कवचालाही लागे, आणि मग खरा संकेतही खोटा म्हणून वगळला जाई. २०१५ साली ही व्यवस्था या कामापुरती बदलण्यात आली, तेव्हा सापडणाऱ्या चमकांची संख्या सुमारे दहापट झाली. अतिसावधपणाही कधी कधी आंधळा असतो, हे आम्ही शिक्षकांनी यावरून शिकावे. हा उपग्रह सतरा वर्षे सेवा करून २०२४ च्या फेब्रुवारीत वातावरणात विलीन झाला.

आता सर्वांत नवलाची घटना. १४ डिसेंबर २००९ रोजी फर्मी उपग्रह इजिप्त देशावरून जात होता. त्याच्या खाली वादळ नव्हते. तरीही त्याच्या यंत्रात गॅमा किरणांची चमक नोंदली गेली. आणि २३ सहस्रांश सेकंदांनी पुन्हा एकदा नोंदली गेली. शोध घेता असे निघाले की, वादळ होते ते तेथून सुमारे ४५०० किलोमीटर दक्षिणेस, झांबिया देशात. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते उपग्रहाच्या क्षितिजाआड होते. तेथून किरण सरळ येणे अशक्य. मग आले काय? त्या वादळातील गॅमा किरणांनी वरच्या विरळ हवेत इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, यांच्या जोड्या उत्पन्न केल्या. हे कण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेस धरून, दोरीवर चढावे तसे, थेट उपग्रहापर्यंत पोहोचले. काही त्यास ओलांडून पुढे गेले आणि जेथे चुंबकीय क्षेत्र तीव्र होते तेथून परत फिरून पुन्हा त्यावर आदळले. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र आले की दोघेही नाहीसे होतात आणि ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे किरण मागे राहतात. नेमकी हीच खूण यंत्रात सापडली. वादळी ढग प्रतिद्रव्य निर्माण करतो, ही गोष्ट २०११ साली जगास कळली. हा पॉझिट्रॉन कार्ल अँडरसन यांना प्रथम सापडला तो १९३२ साली, मेघपेटीत. म्हणजे विल्सन यांनीच शोधलेल्या साधनात. ढगांकडे पाहून केलेल्या पेटीत जो कण सापडला, तोच अखेर ढगातून बाहेर पडताना दिसला.

एवढे झाले तरी एक प्रश्न शिल्लक होता. विजेच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर ही चमक निघते? त्यासाठी साधा प्रकाश आणि गॅमा किरण एकाच वेळी, एकाच जागेवरून टिपणारे यंत्र हवे होते. युरोपीय देशांनी, डेन्मार्क व नॉर्वेतील विद्यापीठांच्या पुढाकाराने, 'असिम' नावाचे यंत्र तयार केले आणि एप्रिल २०१८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरील अंगास बसविण्यात आले. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी इंडोनेशियातील सुलावेसी बेटाजवळ त्यास हवा तो क्षण गवसला. ढगाच्या आत वीज वरच्या दिशेने वाट काढीत असतानाच गॅमा-चमक निघाली. विजेचा मुख्य प्रकाशझोत तिच्या पाठोपाठ आला. आणि त्याच झटक्याने फार उंचावर, आयनांबरात, प्रकाशाचे एक पसरते कडे उमटले. यांतील प्रत्येक पायरी सेकंदाच्या अत्यल्प अंशातील. डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात हा सारा खेळ शंभरदा होऊन जाईल.

असे यश पाहून सारे सुरळीतच चालते असे विद्यार्थ्यांनी समजू नये. फ्रान्सने याच कामासाठी 'तारानिस' नावाचा उपग्रह बांधला. तारानिस ही तेथील प्राचीन केल्ट लोकांची मेघगर्जनेची देवता. अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये तो अग्निबाणावर चढला, आणि उड्डाणानंतर सुमारे आठ मिनिटांनी वाट चुकून नष्ट झाला. चौकशीत काय निघाले? अग्निबाणाच्या अखेरच्या टप्प्यातील दिशा वळविणाऱ्या यंत्रणेच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. तारांच्या एका जोडणीने विद्वानांची कित्येक वर्षांची तपश्चर्या समुद्रात गेली. उत्तरपत्रिकेतील चिन्ह चुकले की गुण कापतात म्हणून रुसणाऱ्या आमच्या नातवंडांनी हे ऐकून ठेवावे.

तरी काम थांबले नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेचे एक विमान फ्लॉरिडातून निघून २० किलोमीटर उंचीवरून, मेक्सिकोचे आखात व कॅरिबियन समुद्रावरील वादळांच्या माथ्यावरून पुन्हा पुन्हा फिरले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, उष्ण कटिबंधातील मोठे ढग तासन्‌तास गॅमा किरणांनी मंद मंद उकळत असतात, आणि काही चमका दिव्याच्या वातीप्रमाणे लुकलुकत येतात. उपग्रहास एवढ्या दुरून हे मंद तेज दिसले नव्हते.

आणि आपल्या घरचेही एक उदाहरण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे विश्वकिरणांचे केंद्र उटी येथे आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी त्या केंद्रावरून एक वादळी ढग गेला. तेथील भारतीय व जपानी शास्त्रज्ञांनी, आकाशातून येणाऱ्या म्युऑन नावाच्या कणांची संख्या ढगामुळे किती घटली हे मोजून, त्या ढगातील विद्युत्दाब १३० कोटी व्होल्ट असल्याचे दाखविले. आपल्या घरातील दाब २३० व्होल्टांचा असतो. म्हणजे विल्सन यांच्या पळत्या इलेक्ट्रॉनांस लागणारा रेटा ढगांत खरोखरच असतो, हे आपल्याच देशातील डोंगरावरून मोजले गेले.

कोणी विचारील, "गुरुजी, याचा आम्हां शेतकरी-नोकरदारांस उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. गॅमा-चमकेने तुमच्या शेतात एक कणीस अधिक येणार नाही, आणि तिच्यामुळे भिण्याचेही कारण नाही. ती उंच ढगात होते आणि विमाने अशा ढगांस वळसा घालूनच जातात. परंतु ज्या विजेच्या पोटी ती जन्मते ती वीज आपल्या दाराशी येते. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात २८८७ माणसे वीज पडून दगावली. शेतात राबणाऱ्यांस हा धोका सर्वाधिक, आणि आपल्या ज्ञातीतील निम्म्याहून अधिक घरे आजही शेतावर अवलंबून आहेत. असे असता आपण काय मानतो? पायाळू मुलावर वीज पडते! या समजुतीपायी पावसाळ्यात घरात कोंडलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आणि ज्यांस पायाळू म्हणत नाहीत असे त्यांचेच भाऊ भर वादळात चिंचेखाली उभे असलेलेही पाहिले आहेत. वीज कोणाचा जन्म कसा झाला हे पाहत नाही. ती उंच झाड पाहते, उघडे माळरान पाहते, भर शेतात ताठ उभा असलेला मनुष्य पाहते.

म्हणून चार गोष्टी येथे स्पष्टच सांगतो. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, पाण्यात उभे राहू नये. उघड्यावर सापडल्यास पाय जुळवून, डोके खाली घेऊन उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. अंगावरील केस उभे राहिल्यास समजावे की क्षण आला आहे. विल्सन साहेबही तेव्हा तर्क करीत बसले नव्हते. आणि कोणास वीज लागलीच तर त्यास हात लावण्यास भिऊ नये. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास व नाडी थांबली असल्यास छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा आणि त्वरित दवाखान्यात न्यावे. कोठे कोठे अशा मनुष्यास शेणात पुरून ठेवतात. त्यात वाचविण्याची वेळ निघून जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' ही सूचना देणारी व्यवस्था भ्रमणध्वनीवर उपलब्ध केली आहे. घरातील तरुणांनी ती आपल्या व वडीलधाऱ्यांच्या फोनवर घालून द्यावी. संस्थेच्या युवक मंडळाने हे एक काम या वर्षी अंगावर घ्यावे, अशी आमची जाहीर विनंती आहे.

आता त्या मुलाकडे परत येतो. ढगांवरील तांबड्या उजेडाविषयी आम्ही प्रथम वाचले ते त्या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, एका मासिकात. त्या रात्री झोप आली नाही. पुढे निवृत्तीनंतर त्या गावी एका लग्नास जाण्याचा योग आला, तेव्हा त्यास शोधून काढले. तो आता पन्नाशीकडे झुकलेला, शेती करणारा गृहस्थ. आम्ही मासिकातील चित्र त्याच्यापुढे धरले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "हेच हुतं, गुरुजी." आम्ही म्हणालो, "बाबा, तेव्हा तू खरे सांगितलेस आणि चुकलो ते आम्ही." तो संकोचला. चहा झाल्यावर निरोप देताना सहज म्हणून गेला, "त्या दिसापासून आभाळाकडं बघितलं ते निस्तं पावसापायी."

बंधु-भगिनींनो, या वाक्याने आम्हांस जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. त्याने जे पाहिले ते मिनेसोटाच्या प्राध्यापकांच्या पाच वर्षे आधी. आम्ही त्यास एक वही दिली असती, तारीख, वेळ, दिशा लिहावयास सांगितले असते, तर तो शास्त्रज्ञ झालाच असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आभाळाकडे पाहणे त्याने सोडले नसते. आज जो इतिहास सांगितला तो बहुतांशी अशाच लोकांचा आहे, जे दुसरेच काही शोधत होते, आणि पुस्तकात नसलेली गोष्ट समोर आली तेव्हा तिला खाली बसविले नाही. फिशमन खालून आलेल्या किरणांस यंत्राचा दोष म्हणू शकले असते. विंकलर ती चित्रफीत पुसून टाकू शकले असते.

तेव्हा येथे जमलेल्या मातापित्यांस व शिक्षकांस आमचे हात जोडून सांगणे आहे की, मुलाने काही आगळे पाहिल्याचे सांगितले तर प्रथम "कोठे, केव्हा, कसे?" एवढेच विचारा. खोटे असेल तर चौथ्या प्रश्नास आपोआप गळून पडेल. खरे असेल तर तुम्ही ते मारलेले नसेल. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्हांस जी प्रशस्तिपत्रे मिळणार आहेत ती पुस्तकातील उत्तरे बरोबर लिहिल्याबद्दलची आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. मात्र पुस्तकात नसलेले काही दिसले तर तेही लिहून ठेवा. त्यासाठी आमच्या वतीने, आज गौरव होत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक कोरी वही देण्याची व्यवस्था चिटणीसांकडे केली आहे. तिच्या पहिल्या पानावर आम्ही काहीही लिहिलेले नाही. ते पान तुमचे आहे.